पॅकहाऊसचा मेल: हंगामाआधीच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

परवा गणपती विसर्जन झाले. आजपासून या कामाच्या नोंदी ठेवते. काम एकच आहे. घरच्या द्राक्ष पॅकहाऊसचा (निर्यातीची द्राक्षे जिथे पॅक होतात त्या जागेचा) मेल कुठल्या प्रोग्राममध्ये ठेवायचा ते ठरवायचे आणि जानेवारीत तोड सुरू व्हायच्या आत सगळा मेल तिथे न्यायचा. गोडी छाटणी चालू आहे तोवर सगळे बागेत असतात, ऑफिसात फार वर्दळ नसते. एकदा गाड्या भरायला लागल्या की कोणी कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आत्ताची परिस्थिती अशी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक २०१०, त्याला मिळणारा कंपनीचा आधार १३ ऑक्टोबर २०२० लाच संपला. हिशेब बघणारे काका त्यावर पंधरा वर्षे काम करतात. पॅकहाऊसच्या कॉम्प्युटरवर विंडोजबरोबर आलेले साधे मेल अ‍ॅप होते. ते ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाले, तेव्हापासून तिथली मुले ब्राउझरमध्ये वेबमेल उघडतात. दिरांच्या लॅपटॉपवर वेगळे आउटलुक. अण्णा, म्हणजे माझे सासरे, फोनवर बघतात.

या कामाला निमित्त झाले ते मार्चमधल्या प्रसंगाचे. ऑफिस आणि दिरांचा लॅपटॉप, दोन्हीकडे पॉप पद्धतीने मेल येत होता. पॉपमध्ये जो कॉम्प्युटर आधी विचारेल त्याला मेल मिळतो, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली असेल तर मेल तिथून पुसला जातो. आम्ही ती खूण काढली होती, कारण मेलपेटी दोन जीबीची आणि ती सारखी भरायची. रॉटरडॅमहून खरेदीदाराचा क्लेमचा, म्हणजे माल खराब निघाल्याच्या तक्रारीचा, मेल आला, मण्यांवर डाग पडल्याचे फोटो जोडलेले, उत्तराला दोन दिवसांची मुदत. तो नेमका दिरांच्या लॅपटॉपवर उतरला. दीर चार दिवस दिंडोरीच्या प्लॉटवर होते, लॅपटॉप बॅगेत. ऑफिसला तो मेल दिसलाच नाही. आमचे म्हणणे मांडायची वेळ निघून गेली आणि कंटेनरच्या पैशातून मोठी रक्कम कापली गेली. तो माल अण्णांनी स्वतः उभे राहून भरून घेतला होता. त्यांचा त्या दिवसाचा चेहरा मी विसरलेले नाही.

१० सप्टेंबर

काय हवे ते आज काका, अण्णा आणि दीर यांच्याशी बोलून ठरवले. मी आधी एकटीच यादी करून बसले होते. ती अर्धी चुकीची निघाली, कारण मी दिसण्याचा विचार जास्त केला होता.

काकांचे पहिले वाक्य: “लाइट गेली तरी मेल वाचता आला पाहिजे.” इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण गावातले इंटरनेट लाइटबरोबर जाते. फायटो सर्टिफिकेटचा (माल कीडरोगमुक्त असल्याच्या दाखल्याचा) नंबर, रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांच्या अंशांचा), बुकिंगचा कागद असे सगळे मेलमध्येच असते, आणि गाडी दारात उभी असते. वेबमेल इथेच मागे पडते. जीमेल क्रोममध्ये ऑफलाइन ठेवता येते, पण जास्तीत जास्त ९० दिवसांचे. आमचा व्यवहार तेवढ्यात संपत नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राचा मार्ग धोक्याचा झाल्याने बरीच जहाजे आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जातात. माल उशिरा पोचतो, क्लेमही उशिरा येतात.

दिरांचे म्हणणे, तिघांना एकच मेल एकाच वेळी दिसला पाहिजे.

अण्णा म्हणाले, “जुने काही जाता कामा नये.” त्यांचा जोर जुन्यावर का आहे ते मला नंतर कळले. तो भाग पुढे येईल. कायद्याच्या बाजूनेही त्यांचे म्हणणे खरे आहे. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि आमचे निम्मे कागद मेलला जोडलेलेच आहेत.

माझी भर एवढीच: मेल अशा स्वरूपात हवा की उद्या तो प्रोग्राम बंद पडला तरी दुसऱ्या कशात तरी उघडेल. पंधरा वर्षांत आम्ही दोन प्रोग्राम बंद झालेले पाहिले.

१४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर माझ्या लॅपटॉपवर एकेक प्रोग्राम लावून पाहिला. सगळीकडे एकच चाचणी मेलपेटी.

नवे आउटलुक (विंडोजमध्ये आता फुकट येते ते): देखणे आहे, कॅलेंडर चांगले. पण आमची मेलपेटी जोडताना ते स्पष्ट सांगते की या खात्याचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जुळवला जाईल. म्हणजे आमच्या होस्टिंगचा (ज्यांच्या सर्व्हरवर आमची मेलपेटी आहे त्यांच्याकडचा) मेल आणखी एका ठिकाणी जाऊन मग आमच्याकडे येणार. कोणाला चालत असेल. खरेदीदाराचे भाव आणि बँकेचे तपशील असलेल्या पेटीसाठी मला ते नको. फुकटच्या खात्यात यादीमध्ये जाहिरातीही दिसतात.

ईएम क्लायंट: मला मनापासून आवडला. शोध जलद, जुन्या आउटलुकची सवय असलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा. फुकट परवाना घरगुती वापरासाठी आणि दोन खात्यांपुरता. व्यवसायासाठी पैसे भरावे लागतात, ते रास्तच आहे. अडचण दुसरी. तो विंडोज आणि मॅकवर चालतो, लिनक्सवर नाही. पॅकहाऊसच्या कॉम्प्युटरचे काय करायचे ते ठरेपर्यंत तो बाजूला.

क्लॉज मेल: फार हलका. जुन्या कॉम्प्युटरवर झटकन उघडतो. पण त्यात रंगीत, तक्त्याचा मेल लिहिता येत नाही, फक्त साधा मजकूर. आम्ही पॅकिंग लिस्टचा तक्ता मेलमध्येच चिकटवतो. बाद.

थंडरबर्ड: आवृत्ती १.० डिसेंबर २००४ ची. मोझिलाच्या छत्राखाली, लोकांच्या देणग्यांवर चालतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर तोच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरही. मेल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. त्या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. एक फोल्डर म्हणजे एक फाइल, त्यात मेल एकाखाली एक. नोटपॅडमध्ये उघडली तरी अक्षरे दिसतात. माझ्या चौथ्या अटीचे याहून सरळ उत्तर मला सापडले नाही.

१६ सप्टेंबर

पॅकहाऊसचा कॉम्प्युटर २०१६ चा, चार जीबी मेमरी. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. त्यासाठी इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इथे सहावी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतो. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न. त्या कॉम्प्युटरवर कामे तीनच आहेत: मेल, ग्रेपनेटचे (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीचे) पान ब्राउझरमध्ये आणि पॅलेटचा तक्ता. लेबलचा प्रिंटर वेगळ्या कॉम्प्युटरला आहे. तिथे लिनक्स मिंट टाकायचे ठरले. मिंटमध्ये थंडरबर्ड आधीच बसवलेला येतो.

निवड इथेच झाली. तीन कॉम्प्युटर, दोन प्रकारच्या प्रणाली, एक प्रोग्राम.

१९ सप्टेंबर

पॉप सोडून आयमॅपवर जायचे. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्याची प्रत ठेवतो. एकाने वाचला की सगळीकडे ‘वाचलेला’ दिसतो. त्यासाठी पेटी मोठी हवी. होस्टिंगवाल्यांकडून दोन जीबीची दहा जीबी करून घेतली. वर्षाचा खर्च वाढला. मार्चमध्ये कापल्या गेलेल्या रकमेपुढे तो काहीच नाही, हे अण्णांनी मी न सांगता म्हटले.

जोडणी: येणाऱ्या मेलला ९९३ पोर्ट, जाणाऱ्याला ४६५, दोन्ही एनक्रिप्टेड. थंडरबर्डने आपणहून वेगळे सर्व्हर नाव सुचवले होते, ते होस्टिंगच्या पानावर बघून दुरुस्त केले. दिरांचे एक खाते जीमेलचे आहे. तिथे नेहमीचा पासवर्ड मेल प्रोग्रामला देऊन चालत नाही, गुगलची खिडकी उघडते आणि तिथे परवानगी द्यावी लागते. आउटलुक २०१० ला हे जमतच नाही, म्हणून ते खाते तिथे कधीचे बंद पडले होते. आम्ही इतके दिवस पासवर्ड चुकतोय असे समजत होतो.

२३ सप्टेंबर

आजपासून जुना मेल. हा भाग सगळ्यात अवघड जाणार असे वाटले होते, तसेच झाले.

काकांच्या कॉम्प्युटरवर दोन पीएसटी फाइली आहेत, आउटलुक मेल त्यांतच साठवते. एक ११ जीबीची, २०११ पासूनची. दुसरी १.८ जीबीची, ‘जुने’ नावाची, २००६ ते २०११. थंडरबर्डमध्ये आउटलुकमधून थेट मेल आणायची सोय आहे, पण आउटलुक त्याच कॉम्प्युटरवर लागते आणि दोघांचा प्रकार एक लागतो. आमचे आउटलुक ३२ बिटचे, थंडरबर्ड ६४ बिटचा. जमेना.

मग दोन्ही फाइलींची प्रत माझ्या लॅपटॉपवरच्या मिंटमध्ये घेतली (मूळ फाइलीला हात लावला नाही, पुढेही लावणार नाही) आणि रीडपीएसटी नावाचे छोटे साधन वापरले. ते पीएसटी उघडून प्रत्येक फोल्डरची एमबॉक्स फाइल करते, पत्ते वेगळे काढून देते. मोठ्या फाइलीला चाळीसेक मिनिटे लागली. ऑफिसचे पत्तेपुस्तकही त्यातच आले, चारशे सत्तर नावे.

मग त्या फाइली इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी नावाच्या अ‍ॅड-ऑनने थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये घातल्या.

२५ सप्टेंबर

मोजणी. आउटलुकमध्ये प्रत्येक फोल्डरवर किती मेल आहेत ते काकांनी वहीत लिहून घेतले, मी थंडरबर्डमधले आकडे वाचले. बावीस फोल्डर जुळले, दोन जुळेनात. एकात तीन मेल कमी, एकात सतरा. शोधल्यावर कळले की ते मेल नव्हतेच, मीटिंगची आमंत्रणे आणि टिपणे होती. ती रीडपीएसटीने वेगळ्या फाइलीत टाकली होती. काकांनी वहीत दोन्ही आकड्यांपुढे बरोबरची खूण केली, तेव्हा मला झोप येण्याजोगे वाटले.

मोजल्याशिवाय जुना प्रोग्राम काढू नये, हे मी आता प्रत्येकाला सांगेन.

२८ सप्टेंबर, रविवार

‘जुने’ फाइलीत मराठी विषय असलेले मेल उघडले आणि सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसली. ????? असे. आधी वाटले रूपांतर बिघडले. मूळ आउटलुकमध्ये पाहिले, तिथेही प्रश्नचिन्हेच. ती पीएसटी जुन्या पद्धतीची आहे. आउटलुक २००३ च्या आधीची पीएसटी युनिकोड (सगळ्या लिप्या चालणारी अक्षर-पद्धत) ठेवू शकत नाही आणि दोन जीबीच्या पुढे वाढतही नाही. २००३ मध्ये नवी पद्धत आली, पण जुनी फाइल तशीच वापरत राहिले की ती जुनीच राहते. आमची २००६ ला आउटलुक २००० मध्ये सुरू झाली होती. देवनागरी अक्षरे त्यात शिरतानाच गेली. ती आता कुठल्याही साधनाने परत येणार नाहीत. शेतकऱ्यांची नावे होती विषयात, प्लॉटप्रमाणे. वाईट वाटले.

दुसरा प्रकार निराळा. सोसायटीच्या सचिवांची काही पत्रे उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तरच वाचता येते. ही मात्र वाचली. जुन्या सीडीतून फॉन्ट काढून बसवला आणि पत्रे दिसली. त्यातली महत्त्वाची बारा पत्रे पीडीएफ करून ठेवली.

नव्या मेलचा प्रश्न नाही, सगळे यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडमध्येच आहे. थंडरबर्डच्या फॉन्टच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळी निवड आहे. काकांच्या विंडोजवर ‘निर्मला’ लावला, पॅकहाऊसला मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’, आकार १८. काकांनी चष्मा न लावता एक मेल वाचून दाखवला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

काट्याची, पॅलेट ट्रॉलीची, छाटणीच्या कात्र्यांची पूजा झाली. आईंनी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिले, बाजूला बॅकअपची डिस्क ठेवली होती तिलाही.

संध्याकाळी अण्णा ऑफिसात आले आणि म्हणाले, “सूनबाई, दोन हजार दहाचे मेल आले का त्यात?” मी ‘जुने’मधला २०१० चा भाग उघडला. इंग्रजीतले सगळे मेल शाबूत होते. त्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या ज्या औषधाला आपण सीसीसी म्हणतो त्याचे, अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. मी तेव्हा या घरात नव्हते. अण्णांनी एकेक मेल वाचायला लावला. माल परत पाठवू का, नष्ट करू का, कोणत्या प्लॉटचा, कधी काय फवारले. रात्री दोन-दोन वाजता लिहिलेली उत्तरे, त्यांच्या तोडक्या इंग्रजीत. तासभर आम्ही वाचत होतो. शेवटी ते म्हणाले, “यातूनच आपण फवारणीची वही ठेवायला शिकलो.” आणि उठले.

या मेलना मी आतापर्यंत ‘जुना डेटा’ म्हणत होते.

४ ऑक्टोबर

बॅकअप. थंडरबर्डचे सगळे एका प्रोफाइल फोल्डरमध्ये असते: मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड. प्रोग्राम बंद करून तो फोल्डर उचलला की झाले. पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर एक फाइल बसेना, जागा भरपूर असूनही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. २०११ नंतरचा इनबॉक्स सहा जीबीची एकच फाइल होता.

दोन गोष्टी केल्या. डिस्क एक्सफॅट केली. आणि मोठे फोल्डर वर्षावार तोडले. थंडरबर्डमध्ये मेल निवडून ए दाबले की तो त्या त्या वर्षाच्या संग्रहात जातो. हे आधीच करायला हवे होते. अवाढव्य एमबॉक्स तशीही धोक्याची. फाइलीत एक कोपरा बिघडला तर पूर्ण फोल्डर अडचणीत येतो. मेल पुसल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही, ‘कॉम्पॅक्ट’ करावे लागते, तेही बॅकअप झाल्यावर. अँटिव्हायरसला प्रोफाइल फोल्डर वगळायला सांगितले. नाही तर एका संशयास्पद मेलपायी तो इनबॉक्सची अख्खी फाइलच उचलून अडकवून ठेवू शकतो.

७ ऑक्टोबर

बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये, म्हणून ऑफिसचे प्रोफाइल पॅकहाऊसच्या मिंटवर उघडायला घेतले. उघडेना. ‘हे प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरले गेले आहे’ असे म्हणून नवे कोरे प्रोफाइल करायला सांगू लागले. ऑफिसच्या विंडोजवर दर महिन्याला बदलणारी आवृत्ती बसवली गेली होती, मिंटवर दीर्घ मुदतीची १४०. नव्यातून जुन्यात जाता येत नाही.

सगळीकडे १४० ची दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवायची असे ठरवले. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, पण बटणे दर महिन्याला जागा बदलत नाहीत. काकांसाठी तर हेच बरे. ऑफिसवर पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागले. आयमॅपचा मेल सर्व्हरवरून आपोआप उतरला, लोकल फोल्डर मी फाइलीच उचलून नव्या प्रोफाइलमध्ये ठेवले. तीन तास गेले. मग मिंटवर पुन्हा उघडून पाहिले. या वेळी उघडले, फोल्डरही सगळे आले.

१६ ऑक्टोबर

सकाळी काकांचा फोन. “इनबॉक्स रिकामा झालाय गं.”

ऑफिसला जाईपर्यंत हातपाय गार पडले होते. जुने काहीच नाही. पॅकहाऊसवरही नाही. अण्णांना विचारले. ते म्हणाले, “फोनवर एकदम ढीगभर मेल दिसायला लागले. फोन भरेल म्हणून जुने काढून टाकले मी.” पॉपच्या काळात फोनवर फार मेल दिसत नसत, कारण ऑफिस ते ओढून घेऊन पुसत असे. आयमॅप झाल्यावर सगळी पेटी त्यांच्या फोनवर दिसायला लागली. त्यांना हे आधी सांगणे माझे काम होते, ते मी केले नव्हते.

मेल सर्व्हरच्या कचरापेटीत होते. सगळे परत आणले. कचरापेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते, तेवढे दिवस कोणाच्या लक्षात आले नसते तर गेलेच असते.

अण्णांना समजावले, “अण्णा, कणगी एकच आहे, तोंडे चार आहेत. तुम्ही कुठूनही काढलेत तरी धान्य त्यातलेच कमी होणार.” त्यांना लगेच पटले. म्हणाले, “मग मला काढायचे तोंडच ठेवू नकोस.” तसेच केले. फोनवर थंडरबर्ड बसवला. ऑफिसच्या थंडरबर्डमधून क्यूआर कोड काढून खाते त्यात घेतले, सगळे पुन्हा टाइप करावे लागले नाही. बोट सरकवून पुसणे बंद केले, पुसण्यापूर्वी विचारायला लावले, आणि फोनवर शेवटचे शंभरच मेल दाखवायला सांगितले.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक फिल्टरही केला. आलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत लगेच लोकल फोल्डरमध्ये, पाठवलेल्याचीही. सर्व्हरवर कोणी काहीही केले तरी ती प्रत हलत नाही. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला पुस्तकी माहीत होते. आज ते पटले.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. कामाला परत.

पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नेहमी दिसेल असे केले. थंडरबर्ड ओळखीच्या माणसाचे नुसते नाव दाखवू शकतो, आणि फसवणूक करणारे त्याचाच फायदा घेतात. खरेदीदाराचे नाव तेच, पत्त्यात एक अक्षर वेगळे, आणि ‘बँक खाते बदलले आहे’ असा मजकूर. मेलच्या मथळ्याच्या सेटिंगमध्ये पूर्ण पत्त्याची खूण आहे, ती तिन्हीकडे लावली. खाते बदलाचा मेल आला तर खरेदीदाराच्या आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच पुढे जायचे, हे भिंतीवर लिहिले. खाली १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबरही. बाहेरची चित्रे थंडरबर्ड आपणहून अडवतो, ते तसेच ठेवले.

दिरांचा लॅपटॉप गावोगाव फिरतो, त्यावर मुख्य पासवर्ड लावला.

११ नोव्हेंबर

कंटेनरप्रमाणे फोल्डर करायचे की नाही यावर काका आणि मी दोन दिवस बोलत होतो. आउटलुकमध्ये त्यांनी प्रत्येक कंटेनरचा फोल्डर केला होता. पण एका मेलमध्ये दोन कंटेनरचा विषय असतो, तेव्हा तो कुठे टाकायचा? शेवटी फोल्डर वर्षाचाच ठेवला. कंटेनरचा क्रमांक, चार अक्षरे आणि सात आकडे, प्रत्येक मेलच्या विषयात लिहायचाच असा नियम केला. मग त्या क्रमांकाचा शोध साठवून ठेवला की तो फोल्डरसारखाच डावीकडे दिसतो, मेल मात्र जागचा हलत नाही. काकांनी मागच्या हंगामाचे सहा कंटेनर असे स्वतः करून पाहिले. लॅबच्या रेसिड्यू रिपोर्टला आपोआप हिरवा टॅग लागतो, क्लेमला लाल.

मेलमध्ये जोडलेली फाइल पाठवताना सुमारे एक तृतीयांश फुगते, कारण ती अक्षरांत बदलून जाते. म्हणून २५ एमबीची मर्यादा असली तरी अठरा एमबीच्या वर जाऊ नका, असे पॅकहाऊसच्या मुलांना सांगितले. पॅलेटचे फोटो आधी लहान करायचे.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

हंगामातली पहिली गाडी भरत होती आणि सव्वाअकराला लाइट गेली. इंटरनेटही. मी मुद्दाम काही न बोलता उभी राहिले. काकांनी शोधात प्लॉटचा नंबर टाकला, लॅबचा रिपोर्ट उघडला, प्रिंट काढली. मग सीएचएला, म्हणजे कस्टमचे काम बघणाऱ्या एजंटला, मेल लिहिला आणि कंट्रोल, शिफ्ट, एंटर दाबले. मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसला. दीड वाजता लाइट आली, कॉम्प्युटर ऑनलाइन झाला, काकांनी ‘न पाठवलेले पाठवा’ केले आणि तो गेला. त्याच वेळी पॅकहाऊसच्या मुलालाही ‘पाठवलेले’मध्ये तो दिसला. त्याने तिथूनच ओरडून सांगितले, “काका, गेला!”

१९ जानेवारी

काकांनी आज आउटलुक २०१० काढून टाकायला सांगितले. दोन्ही पीएसटी मूळ रूपात दोन वेगवेगळ्या डिस्कवर आहेत, एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी. आउटलुकची सीडी आणि तिचा परवाना त्याच कपाटात ठेवला.

राहिलेले काम: थंडरबर्डची पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती जुलैच्या सुमारास येते. खरड छाटणी तोवर आटोपलेली असेल. तेव्हा आधी मिंटवर, मग दिरांच्या लॅपटॉपवर, शेवटी काकांच्या. तोपर्यंत दर शनिवारी बॅकअप, महिन्यातून एकदा तो उघडून पाहणे.